मामाच्या गोळ्या संपल्या तेव्हा

माझा मामा लिफ्ट बसवायचा. लिफ्टमध्ये उभा राहून बटणं दाबायचा नव्हे. हा फरक त्याला जन्मभर लोकांना समजावून सांगावा लागला. इमारत बांधताना तिच्या पोटात तळापासून गच्चीपर्यंत एक चौकोनी पोकळी सोडतात. त्या पोकळीत दोन्ही बाजूंना लोखंडी रूळ उभे करायचे, ते केसभरही कलता कामा नयेत, मग त्यांच्यावर कॅबिनचा सांगाडा चढवायचा, वर मोटर, तिच्यावरून तारेचे दोर. रूळ जरा कलले की पुढची वीस वर्षं माणसं म्हणत राहतात, ही लिफ्ट चौथ्या मजल्यावर कुरकुरते. मामाच्या लिफ्टा कुरकुरत नसत. कुणाकडे गेलो की तो लिफ्टमध्ये डोळे मिटून उभा राहायचा आणि तिसरा मजला यायच्या आत निकाल द्यायचा, "घाईत बसवलीय." मामी म्हणायची, "तुमची परीक्षा झाली असेल तर उतरू या का? लोक दार उघडून उभे आहेत."

सकाळी आठला एक आणि संध्याकाळी आठला एक, अशा दोन गोळ्या तो रोज घ्यायचा. आम्हा भाचरांना सांगितलेलं होतं की त्या पित्ताच्या आहेत. मामाने तिखट खाल्लेलं मी कितीदा पाहिलं होतं, पण पित्ताचा आणि तिखटाचा काही संबंध असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मामाला फिट यायच्या. पहिली बाविसाव्या वर्षी आली, त्याच वर्षात आणखी दोन. प्रत्येक वेळी आधी त्याला जळक्या रबराचा वास यायचा, मग काहीच नाही, मग जमिनीवर डोळे उघडायचे आणि भोवती घाबरलेले चेहरे. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि फिट थांबल्या. त्याच सुमारास आजोबा गेले. घरात माझी आई आणि मावशी, दोघी शिकत होत्या. मामाला लिफ्टच्या कंपनीत बोलावणं आलं. फॉर्मात एक रकाना होता: यापूर्वी कधी फिट, चक्कर, बेशुद्धी? मामाने त्यात "नाही" असं लिहिलं. तो सांगायचा, ते दोन अक्षरी उत्तर लिहायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात शेजारच्या माणसाचा अख्खा फॉर्म भरून झाला.

मामीला मात्र त्याने लग्न ठरायच्या आधीच सांगितलं होतं, बागेतल्या बाकावर बसवून. मामीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळी घेतली की येत नाही ना?"

"नाही येत."

"मग गोळी मी चुकू देणार नाही."

आणि तिने खरंच चुकू दिली नाही. कामावर कुणी नाव वाचू नये म्हणून ती गोळ्या पाकिटातून सोलून एका छोट्या डबीत भरून द्यायची. औषधवालाही घराजवळचाच, वर्षानुवर्षांचा. "नेहमीच्या द्या" म्हटलं की तो द्यायचा. ज्या डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या होत्या ते वारले, तरी नेहमीच्या त्या नेहमीच्याच राहिल्या. एकोणीस वर्षं. इतक्या वर्षांत फिट नाही म्हटल्यावर मामाला स्वतःलाही कधी कधी वाटायचं की आपण पित्तासाठीच घेतो.

त्याचा जोडीदार एक उंच, किडकिडीत, सरळसोट माणूस. रूळ सरळ आहेत का ते बघायला वरून जी दोरी सोडतात तिच्यावरून सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. चौदा वर्षं दोघं एकत्र. मामा वर कॅबिनच्या सांगाड्यावर उभा, हातात वर-खाली करायची दोन बटणं. ओळंबा खाली खड्ड्यात, रुळांचे बोल्ट आवळत. खालून "हो" आल्याशिवाय मामा बटणाला हात लावायचा नाही. मामाच्या अंगठ्याखाली ओळंब्याचा जीव असायचा, अगदी शब्दशः.

ज्या कामावर हे सगळं घडलं ते एका मोठ्या हॉस्पिटलचं होतं, घरापासून दिवसभराच्या प्रवासावर. जुन्या इमारतीला एक नवी इमारत जोडलेली होती आणि तिच्यात रुग्णांच्या खाटा नेणारी लिफ्ट बसवायची होती. दहा दिवसांचं काम. मामीने चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. चार दिवसांच्या जास्तीच्या म्हणून तीच खूश होती. पण रूळ आले ते चुकीच्या मापाचे. ते परत जाऊन दुसरे यायला आठवडा लागला. साहेबांनी फोनवर सांगितलं, "तिथेच थांबा. येण्याजाण्यात आणखी दिवस जातील." दोघं हॉस्पिटलमागच्या एका खोलीत राहत होते. दोन खाटा, एक पंखा, खिडकीतून दिसणारी धुण्याची दोरी आणि तिच्यावर रोज वाळणाऱ्या हिरव्या चादरी.

नवे रूळ आले त्या दिवशी मामाने डबी उघडली. चार गोळ्या. काम अजून किमान आठ दिवसांचं.

त्याने मामीला फोन केला. मामी म्हणाली, "तिथल्याच दुकानातून घ्या. मी नाव विचारून येते." ती धावत औषधवाल्याकडे गेली, एका कागदावर नाव लिहून आणलं आणि फोनवर एकेक अक्षर सांगितलं. मामाने ते बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून घेतलं. बिडी ओळंब्याची होती. "कुणाचं नाव लिहितोस रे?" ओळंब्याने विचारलं. मामा म्हणाला, "भाचीच्या शाळेचं."

माझी शाळा! माझ्या शाळेचं नाव चार अक्षरांचं होतं आणि मामाच्या औषधाचं नऊ. पण ओळंबा मोजायला बसला नाही. चौदा वर्षांत मामाने त्याला खोटं सांगितल्याचं त्याला कधी आढळलंच नव्हतं.

हॉस्पिटलच्या फाटकासमोर औषधांचं दुकान होतं. गल्ल्यामागे पन्नाशीची एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मामाने कागद पुढे केला.

"चिठ्ठी?"

"घरी राहिली. आम्ही बाहेरगावचे."

"हे चिठ्ठीशिवाय नाही देता येत, काका. कुणासाठी?"

"आईसाठी."

"वय किती आईचं?"

"सत्तर."

"वजन?"

आजीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या बाईने कागद सरळ करून त्याच्या हातात परत दिला आणि आवाज खाली आणला. "ज्यांना हवंय त्यांना समोर घेऊन जा. तिसऱ्या मजल्यावर मेंदूचे डॉक्टर बसतात. बाहेरगावच्यांनाही बघतात. दहा मिनिटांचं काम आहे. पण गोळी चुकू देऊ नका त्यांची. ही गोळी एकदम बंद झाली की शरीर सूड उगवतं."

दहा मिनिटांचं काम. मामा रोज सकाळी त्याच हॉस्पिटलच्या पोटात उतरत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या डॉक्टरांच्या दाराबाहेर तर त्याने स्वतः रुळाचा आधार ठोकला होता. पण दारात नाव पुकारणार, कागदावर धंदा लिहिणार, आणि दारापासून चार पावलांवर लिफ्टचं उघडं भगदाड, त्यात ओळंबा. त्याने आणखी दोन दुकानं पालथी घातली. एकाने हात वर केले. दुसरा म्हणाला, "हे नाही, पण ह्याच्यासारखंच एक आहे, देऊ?" मामाने ते घेतलं नाही. पुढे तो म्हणायचा, सगळ्या गोंधळात तेवढी एक गोष्ट मी शहाण्यासारखी केली.

मग त्याने गोळ्या अर्ध्या केल्या. पात्याच्या धारेवर धरून, अगदी सारख्या. चार गोळ्यांचे आठ तुकडे. म्हणजे चार दिवस. चार दिवसांत काहीतरी सुचेल. मामीला त्याने सांगितलं, "मिळाल्या." त्या दिवसातली ही त्याची तिसरी थाप, आणि मामीला मारलेली पहिलीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातातला चहाचा पेला उडाला. पडला नाही, उडाला. कुणीतरी कोपराला झटका द्यावा तसा. चहा ओळंब्याच्या पायावर. "झोप झाली नाही वाटतं," ओळंबा पाय झटकत म्हणाला. मामा हसला. हसताना त्याला घाम फुटला होता.

साडेदहाच्या सुमाराला दोघं कामावर होते. मामा चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, सांगाड्यावर, हातात बटणं. ओळंबा तळाच्या खड्ड्यात पाठमोरा, डोक्याला दिवा बांधून. मामाला रबर जळल्याचा वास आला.

त्याने खाली ओरडून विचारलं, "वास येतोय का रे? रबराचा?"

"नाही. वायर बघ वरची."

मामाने वायर पाहिली. मोटरकडे पाहिलं. मोटरीला अजून वीजच जोडलेली नव्हती. सांगाडा तात्पुरत्या यंत्रावर चालत होता, आणि ते थंडगार होतं. त्याने तोंडावर हात ठेवून श्वास रोखला. तरी वास आलाच. मग त्याला कळलं की वास बाहेर नाहीये.

आयुष्यात इतक्या वेगाने आपण कधी हललो नाही, असं तो सांगायचा. बटणांचा डबा त्याने हातातून सोडला, यंत्राचा मुख्य खटका ओढून बंद केला, कमरेच्या पट्ट्याचा आकडा लोखंडी आडव्या दांड्याला अडकवला आणि खाली बसला. "खड्ड्यातनं बाहेर हो!" तो ओरडला. "आधी बाहेर हो, मग विचार!"

ओळंबा बाहेर झाला. चौदा वर्षांत वरून असा आवाज त्याने ऐकला नव्हता. तो जिन्याने पाच मजले चढून धापा टाकत उघड्या दाराशी आला, तेव्हा मामा आडव्याला घट्ट धरून बसला होता. फिट आली नव्हती. वास येऊन विरून गेला होता. ओळंब्याने त्याला बखोटीला धरून मजल्यावर ओढून घेतलं आणि भिंतीला टेकवून बसवलं.

"काय झालं?"

मामाने सांगितलं. एकोणीस वर्षांचं सगळं, पाच-सहा वाक्यांत. जास्त लागलीच नाहीत.

ओळंबा उकिडवा बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने भगदाडाकडे पाहिलं, मग मामाच्या उजव्या हाताकडे.

"बटण हातात असताना आली असती," तो हळू म्हणाला, "आणि बोटं आवळली असती तर?"

मामाने उजव्या हाताचा अंगठा मुठीत घेतला.

"खालचं बटण असतं तर?"

"अरे, एकोणीस वर्षं..."

"तुझी एकोणीस. माझी चौदा. मी चौदा वर्षं तुझ्या खाली पाठ करून उभा राहिलोय. घरी दोन लेकी आहेत माझ्या. तू त्यांच्या बारशाला जेवलास." ओळंब्याचा आवाज चढला नाही, तेच मामाला सोसवेना. "मला एकदा सांगितलं असतंस तर मी वर उभा राहिलो असतो, तू खाली. एवढंच झालं असतं, गाढवा. जागा बदलली असती."

मग तो उठला आणि म्हणाला, "चल." तिसऱ्या मजल्यापर्यंत दोघं जिन्याने उतरले. ओळंबा एक पायरी पुढे, मामाकडे तोंड करून, उलटा उतरत होता. पडला तर धरता यावं म्हणून.

डॉक्टर तरुण होती. तिने शांतपणे सगळं विचारलं: शेवटची फिट कधी, गोळी कोणती, किती दिवसांपासून अर्धी, झोप कशी. बिडीच्या कागदावरचं नाव वाचून तिने विचारलं, "साधी की हळूहळू विरघळणारी?" मामाला ठाऊक नव्हतं. तिने तिथूनच मामीला फोन लावायला सांगितला. औषधवाल्याकडून "नेहमीची" म्हणजे नक्की कोणती ते विचारून यायला मामीला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात मामीला दोन गोष्टी कळल्या, की गोळ्या मिळाल्याच नव्हत्या आणि तो डॉक्टरांसमोर बसला आहे. तिने फोनवर फक्त औषधाची माहिती दिली. बाकीचं तिने राखून ठेवलं.

"ही गोळी अर्धी करायची नसते," डॉक्टर म्हणाली. "तोडली की तिचं कामच बिघडतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

सांगायला मामाने कुणाला विचारलंच कुठे होतं.

"काम काय करता?"

मागून ओळंबा म्हणाला, "लिफ्ट बसवतो. तुमचीच."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने उचललं आणि चिठ्ठी लिहिली, वर एक पत्रही. "पहिली गोळी आत्ता, खाली जाऊन लगेच घ्या. मग परत इथे येऊन दोन तास बसा, मला तुमच्यावर नजर ठेवायचीय. तुमच्या कंपनीला मी काही कळवणार नाही. ते तुम्ही कळवायचं. पण उंचावर आणि यंत्रावर आजपासून काम बंद."

समोरच्या दुकानात त्याच बाई होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, वयाचा आकडा वाचला, चष्म्यावरून मामाकडे पाहिलं. आईबद्दल एक शब्द काढला नाही. "बसा काका, पाणी देते," असं म्हणून त्या कपाटाकडे वळल्या. आणि मामाला पुन्हा वास आला. त्याने ओळंब्याची बाही धरली. त्यानंतरचं त्याला आठवत नाही. जे आहे ते ओळंब्याकडून आलेलं.

तो दुकानाच्या फरशीवर पडला. ओळंब्याने त्याचं डोकं आपल्या हातावर झेललं, नाहीतर पायरीवर आपटलं असतं. अंग ताठ झालं, मग झटके. कुणीतरी म्हणालं चपलेचा वास द्या, कुणी म्हणालं दातांत चमचा घाला. बाई गल्ल्याची फळी उचलून बाहेर आल्या आणि गरजल्या, "तोंडात काही घालायचं नाही! मागे सरका!" त्यांनी ओळंब्याला मामाला कुशीवर वळवायला लावलं, गळ्याचं बटण काढलं आणि घड्याळाकडे बघत बसल्या. दोन मिनिटं चाळीस सेकंद. ओळंबा म्हणायचा, चौदा वर्षांपेक्षा मोठी होती ती. मामाच्या उजव्या हाताची मूठ त्याला उघडायची होती. उघडली नाही.

डोळे उघडले तेव्हा मामाला छत दिसलं, औषधांची खोकी दिसली आणि ओळंब्याचं तोंड. ओळंबा रडत होता. मामाने विचारलं, "लिफ्ट बंद केली का?" तो चौथ्यांदा तेच विचारत होता, हे त्याला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी पोचली. मामाला हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं होतं. मामी बाहेरच्या बाकावर ओळंब्याशेजारी बसली. मग ओळंब्याने विचारलं, "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नाआधीपासून."

"आणि मी तुमच्या घरी येऊन जेवत होतो, तेव्हाही?"

"तेव्हाही," मामी म्हणाली. "गोळ्या मीच सोलून देत होते, भाऊजी. नाव कुणाला दिसू नये म्हणून. नाव दिसलं असतं तर त्यांना पाठ तरी झालं असतं." मग ती म्हणाली, "मला वाटायचं मी त्यांना जपतेय. त्यांच्या हाताखाली आणखी कुणी उभं आहे, हे माझ्या कधी मनातच आलं नाही."

ओळंबा उठला, दोन पेले पाणी आणलं, एक तिला दिला. "मी काम संपवून जातो," तो म्हणाला. "साहेबांना तो सांगेल. मी सांगणार नाही. पण त्याच्याबरोबर आता मी उभा नाही राहणार."

मामाने साहेबांना खाटेवरूनच फोन केला. मामी दाराबाहेर उभी राहिली, आत गेली नाही. फोन लांबला नाही. खोटा फॉर्म भरल्याबद्दल मामाला काढून टाकतील असं सगळ्यांनी धरलंच होतं. पण कंपनीत वर्षानुवर्षं कुरकुर न करणाऱ्या लिफ्टांचीही काही किंमत होती म्हणा, किंवा साहेबांनाच वाईट वाटलं म्हणा, त्याला तीन महिने घरी बसवलं आणि मग कारखान्यात घेतलं. जमिनीवर, टेबलाशी, बटणांच्या पेट्या जोडायला. पोकळीत तो परत कधी उतरला नाही. घरी असला की आम्हाला वाटायचं, तो शांत बसलाय. खरं तर तो खचला होता. त्या तीन महिन्यांत कुणाच्याही घरी जाताना तो जिनाच चढायचा.

आम्हा भाचरांनाही तेव्हाच सांगितलं. मामाने स्वतः बोलावून बसवलं आणि फिट आली तर काय करायचं, काय नाही, ते दुकानातल्या बाईंच्या शब्दांत सांगितलं. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "म्हणजे पित्त नाहीये?" मामी हसली आणि डोळे पुसायला आत गेली.

ओळंबा वर्षभर आमच्याकडे फिरकला नाही. मामाने दोनदा फोन केला. त्याच्या बायकोने उचलला आणि "बाहेर गेलेत" म्हणून ठेवला. मग एका रविवारी तो आला. सोबत मोठी लेक. चहा झाला, लेकीची परीक्षा, कारखान्यातली गर्दी, गुडघ्याचं दुखणं, सगळं बोलून झालं. निघताना दारात थांबून त्याने मामाला विचारलं, "नव्या पोराला वर उभा करतो. त्याला काही आजार आहे का ते कसं विचारू?"

मामाने बाहेरच्या लिफ्टच्या दाराकडे पाहिलं.

"आधी तुझं काहीतरी सांग," तो म्हणाला.

ओळंब्याने मान डोलावली. दोघांनी हात मिळवले नाहीत. लेक पुढे झाली होती, तिने जिन्यावरून हाक मारली, "बाबा, लिफ्ट आलीय!" ओळंबा म्हणाला, "तू जा तिनं," आणि तो पायऱ्या उतरू लागला.